सुतळीची खाच

खडकीत नळाला पाणी साडेपाचला येते आणि पावणेसातला जाते. तेवढ्या वेळात आम्रपालीबाईंनी दोन पिंपे भरली, पोळ्या लाटल्या, दम्याच्या गोळ्या वडिलांच्या उशाशी ठेवल्या. वडील दशरथ दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले होते. आता बाईंच्या पगारावर आणि गल्लीतल्या डॉक्टरवर त्यांचा श्वास चालत होता. ते पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती वाचत होते.

"सगळ्यांना संगणकवाले हवेत. तुझ्या माशांना कोणी विचारत नाही वाटतं."

"माशांनी अर्ज केला नाही, बाबा," असे म्हणून त्यांनी स्कूटी काढली आणि साडेआठला कॉलेज गाठले.

सन २००२ चा जून होता. प्राणिशास्त्राच्या संग्रहालयातले नमुने काढून तिथे आता संगणक येणार होते. विभागातल्या दोघांपैकी एकच अध्यापक राहणार होता, दुसऱ्याची रवानगी जिल्ह्याच्या टोकाला व्हायची होती. त्यासाठी प्राचार्यांनी दुपारी बारापर्यंत शोधनिबंधांची यादी मागितली होती. "त्या हातोडी मुशीचं तेवढं वर लिहा," ते कोरडेपणाने म्हणाले होते, "एवढी वर्षं जागा अडवलीय तिनं."

मुशीवरचा, म्हणजे शार्क माशावरचा, तो निबंध हीच बाईंची कमाई होती. हातोडीच्या आकाराच्या डोक्याच्या मोठ्या मुशींमध्ये जी सर्वांत थोरली जात, तिचे कपाळ जवळजवळ सरळ असते आणि त्याच्या मधोमध खोल खाच असते. दुसऱ्या एका मोठ्या जातीचे कपाळ कमानदार, मधे खाच नसलेले. संग्रहालयात काचपात्रात ठेवलेल्या मुशीच्या डोक्याला खाच होती. कपाळाची कमान जरा जास्त वाटली होती, पण फॉर्मेलिनमध्ये डोके आक्रसते, असे बाईंनी लिहिले. थोरलीच्या दातांना करवतीसारख्या कडा असतात, परंतु तोंड शिवलेले होते आणि टाके उसवायला त्यांच्या मार्गदर्शक सरांची परवानगी नव्हती. निबंध छापून आला. पुढे इतरांनी त्याचा आधार घेऊन याद्या केल्या.

हवालदिल झालेला दत्तोबा, विभागाचा जुना परिचर, संग्रहालयातली पात्रे रिकामी करत होता. त्याने दोन्ही हातांनी मुशीचे डोके उचलले आणि अंगठा कपाळाच्या खाचेत टेकवला.

"हितनं धरलं की निसटत नाही, मॅडम. माझीच खाच हाय ती."

"तुमची कशी?"

"तुमच्या सरांनी रत्नागिरीहून डोकं आणलं, तवा पात्रात टांगायला मीच मधोमध सुतळी आवळली. सात-आठ महिने तशीच. सर लई भडकले, मग काढली. तोवर मांस बसलं होतं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कोणी इचारलंय?"

बाई विभागात आल्या तेव्हा सुतळी निघून गेली होती, खाच राहिली होती. आपल्याच वडिलांसारख्या हातांनी राबणाऱ्या माणसाला त्यांनी अठरा वर्षांत एकदाही विचारले नव्हते, हे काम तुम्ही कसे केलेत.

त्यांनी कात्री घेतली आणि टाके उसवले. दातांच्या कडेवरून नख फिरवले. नख कुठेच अडले नाही.

"काय झालं, मॅडम?"

"ही थोरली नव्हे, दत्तोबा."

"आता फेकायचीच हाय. कुणाला कळतंय?"

खरेच कोणाला कळणार नव्हते. संध्याकाळी डोके जाळले जाणार होते. मासेमारीच्या जाळ्यांत मोठ्या मुशी विरळ होत चालल्या होत्या. पुढचा कोणी अभ्यासक त्यांच्या निबंधावर विसंबून थोरली इथे होती म्हणेल, आणि नसलेल्या मुशीची मोजदाद करील. आणि वडिलांना जिल्ह्याच्या टोकाला कोणता डॉक्टर मिळणार होता?  

मग बाई टेबलाशी बसल्या. नियतकालिकाच्या संपादकांना पानभर पत्र लिहिले: ओळख चुकली, खाच सुतळीची आहे, दात गुळगुळीत आहेत. दातांची एक ओळ कापून, कापसात गुंडाळून पाकिटात घातली. पात्रावरच्या चिठ्ठीवर जातीचे नाव खोडून दुसरे लिहिले. यादीतल्या पहिल्या, मुशीच्या निबंधावर पट्टीने सरळ रेघ ओढली, खाली सही केली.

बाराला दहा मिनिटे असताना यादी प्राचार्यांच्या शिपायाकडे दिली. तिकिटे लावून पाकीट फाटकाजवळच्या पेटीत टाकले. परत येऊन डोके बाहेर न्यायला त्यांनी दत्तोबाबरोबर त्याची एक बाजू धरली.