पोडियममागची वहिनी

मित्रांनो, मी इंग्रजी विभागातले एक जुने लाकडी पोडियम आहे. मोठे प्राध्यापक माझ्यावर नुसते कोपर टेकतात. मला घट्ट धरतात ते संशोधन करणारे विद्यार्थी. आमच्याकडे ते पहिल्या वर्षाच्या वर्गाला इंग्रजी शिकवतात. त्या बदल्यात त्यांची फी माफ होते आणि दरमहा विद्यावेतन मिळते. जागा मात्र मोजक्याच असतात.

एका वर्षी एकच जागा उरली आणि अर्ज आले दोघांचे. एक ‘रेडिओ’, आवाजाने खणखणीत. दुसरी ‘वहिनी’. सगळ्यांत लग्न झालेली ती एकटीच, म्हणून हे नाव. जागा हुकली असती तर तिला संशोधन सोडून घरी बसावे लागले असते. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, “दोघंही एकेक तास घ्या. मी मागे बसते.”

रेडिओने झकास भाषण ठोकले. मग वहिनी आली. ती कवितेवर बोलू लागली, पण मुले ढिम्म. मागच्या बाकावर जांभयांची साथच पसरली. तिने मला आणखी घट्ट धरले. अखेर तिने कागद मिटले.

“तुमची आई चिडली की काय म्हणते?”

“डोकं खाऊ नकोस!” मागून एक मुलगी म्हणाली.

“हेच इंग्रजीत सांग बघू.”

“डोन्ट ईट माय हेड!”

वर्गात हशा पिकला.

“शब्द तर सगळे आले,” वहिनी म्हणाली, “मग आईचा राग कुठे गेला?”

झाले! तो राग इंग्रजीत कसा आणायचा यावर जांभया देणारेच हिरिरीने भांडू लागले. त्यानंतर कविता पुन्हा वाचली, तेव्हा सगळे सरसावून बसले होते.

तास संपल्यावर रेडिओने विचारले, “मॅडम, माझा तास आवडला का?”

“मला तुझा आवडला. मुलांना तिचा आवडला.”

जागा वहिनीला मिळाली. रेडिओचे तोंड उतरले. त्याने वर्षभर शिकवण्या केल्या, पण सवड मिळताच तो वहिनीच्या तासाला मागे येऊन बसे. पुढच्या वर्षी त्यालाही जागा मिळाली. आता तो बोलता बोलता थांबायला शिकला होता.

पुढे वर्गात मोठा पडदा आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. लोक माझ्यावर छत्र्या आणि पिशव्या ठेवू लागले. तरीही पहिल्यांदा शिकवायला येणारा प्रत्येकजण शिपायाला सांगतोच, “काका, ते पोडियम जरा पुढे घ्या ना!” माझे सांधे अजून पक्के आहेत.

म्हणून मित्रांनो, एवढेच ऐका. नवे कोणी शिकवायला आले तर जांभई देऊ नका. एक प्रश्न विचारा, चुकीचा असला तरी चालेल. मग बघा, ती माणसे मला सोडून तुमच्या बाकापर्यंत चालत येतील.