तीच लेन्स, तीच खुर्ची

"हलू नकोस, ताउसी. अजून एक."

"का? पहिल्यात डोळे मिटले का माझे?"

"नाही. हा दुसऱ्या कॅमेऱ्यानं."

"पहिल्याला काय धाड भरलीय, बाबा सबीना? दोन झगे शिवायचे पडलेत माझे."

एवारिस्ट मासालू बटण दाबत राहिला. म्वांझा शहराच्या बाजारामागच्या गल्लीत त्याचा स्टुडिओ एकतीस वर्षं होता. त्याच्या मुलीनं, जिचा बाप म्हणून गल्ली त्याला 'बाबा सबीना' म्हणायची त्या सबीनानं, दार-एस-सलामहून त्याच्याच कॅमेऱ्याची नवी पिढी पाठवली होती. जुना बारा वर्षांचा. फरक किती पडतो, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून तीच लेन्स, तीच खुर्ची, खिडकीतला तोच उजेड. अशा चाचणीला पूर्वी त्याची बायको लिओकाडिया बसायची. कुरकुरत, पण बसायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. चेहरा तर कुणाचा तरी हवा, म्हणून त्यानं शेजारच्या शिंपिणीला हाक मारली होती.

त्यानं दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले आणि खिडकीच्या उलट बाजूचा गाल मोठा केला. जुन्यात तिथं नुसता काळा डाग, त्यात हिरवे-जांभळे ठिपके. नव्यात त्याच सावलीत कातडीचा तांबूसपणा होता, कानाजवळची बारीक सुरकुती होती, केसांत अडकलेला पिवळा दोरा होता.

"हा सकाळपासून असाच आहे?" ताउसीनं डोक्याला हात लावला. "सांगायचं नाही होय?"

"मला तरी कुठं दिसला?"

"जुन्यात तरुण दिसते मी. तोच द्या मला." ती हसली.

एवारिस्टनं तोवर तिसरा फोटो उघडला होता, तीन वर्षांपूर्वी जुन्या कॅमेऱ्यानं काढलेला. मागच्या दारात लिओकाडिया उभी, पाठीमागे अंगणातलं ऊन, चेहरा काळोखात. 'उजेडात ये,' असं तो म्हणाला होता. 'मासे करपतील. काढायचा तर असाच काढ,' असं ती म्हणाली होती. पुढच्याच आठवड्यात ती गेली. त्यानंतरचा तिचा फोटो नव्हता.

त्यानं सावली उजळायला घेतली. झग्याचा निळा रंग आला. बांगडी आली. चेहऱ्याच्या जागी आधी राखाडी ढग आला आणि मग नुसते जांभळे कण. त्यानं आणखी उजळलं. कणच वाढले.

"ताउसी, एकदा त्या दारात उभी राहतेस? नव्यानं काय येतं, बघू."

ताउसीनं कॉम्प्युटरच्या पडद्याकडं पाहिलं, मग दाराकडं.

"खुर्चीत म्हणाल तेवढा वेळ बसेन, बाबा सबीना. तिथं नाही."

तिनं क्षणभर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती गेली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडं शिलाई मशीन सुरू झालं.

एवारिस्टनं रिकाम्या दाराचाच फोटो काढला. ऊन तसंच पाठीमागे होतं. पडद्यावर सावली स्वच्छ आली, एक कण नाही. बिजागरीचे स्क्रू मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. चौकटीवर, बाईमाणसाच्या खांद्याच्या उंचीला, रंग झिजून लाकूड गुळगुळीत झालं होतं. रोज कुणीतरी टेकून उभं राहावं तसं.

इतक्या वर्षांत ती जागा त्याला कधी दिसली नव्हती.