हाळीला ओ

सिनेमा सुरू झाला आणि आपण त्यात कुठंच नाही, हे भिमीच्या लगेच ध्यानात आलं.

डोळखांबच्या आश्रमशाळेत भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. पडद्यावर तिचा नवरा बुधू कड्यावर उभा होता, वारा खात, आणि मागून कोणीतरी भारदस्त आवाजात सांगत होतं, "वाघांच्या रानात, एकटा माणूस."

एकटा म्हणे. त्याच कड्यावर, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं, भिमी उन्हात ताटकळत बसली होती. "मावशी, जरा बाजूला," हे साईनाथचं रोजचं पालुपद. साईनाथ शहापूरचा. लग्नाचे व्हिडिओ काढता काढता त्याला खऱ्या सिनेमाचं वेड लागलं. पाड्यातली बाकीची घरं रस्त्याकडेला उतरली तरी बुधूचं एक घर वर माळावरच राहिलंय, भोवती बिबटे फिरतात आणि म्हातारा मजेत आहे, हे कानावर पडलं तसा तो आपली माणसं घेऊन वर आला. बिबट्याला डोंगरात वाघच म्हणतात, त्यामुळं सिनेमातही वाघच झाला. अख्खा हिवाळा त्या पोरांनी भिमीच्या हातच्या नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी यथेच्छ हाणली. सिनेमात मात्र तिची चूलसुद्धा आली नाही.

तोंड दिसलं नाही म्हणून भिमीचं काही अडत नव्हतं. ती वाट बघत होती ओहोळाच्या प्रसंगाची.

त्या डोंगरात बाई पाण्याला निघाली की आधी हाळी देते. लांबलचक, गळ्यातून. वाघाला कळतं माणूस येतंय, आणि तो आपला वाट सोडतो. एवढ्यावर दोघांचा संसार चालतो, त्याचाही आणि माणसाचाही. आणि एकीची हाळी दुसरीच्या कानी पडली तर तिनं ओ द्यायचीच, मग दोघींचं भांडण का असेना. भिमी आणि सकुबाई बांधावरच्या एका फणसापायी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण सकुबाईनं ओ कधी चुकवली नाही.

शूटिंगच्या त्या दिवशी आवाजवाल्या पोराला नुसतं पाणी ऐकायचं होतं. "आज हाळी नको, मावशी," तो म्हणाला. ती गप्प बसली, आणि तेच चुकलं. बुधू ओहोळात उतरला तेव्हा पलीकडे जांभळीखाली वाघ पाणी पीत होता. तो उठला. दोघं समोरासमोर, मध्ये कमरेएवढं पाणी. मग भिमीनं कोणाची परवानगी घेतली नाही. तिनं हाळी दिली, कोयत्याची पाठ हंड्यावर बडवत ती पुढं धावली, आणि वाघ वळून कारवीच्या झुडपांत गेला.

आणि बुधू पठ्ठ्या खाली चहाच्या टपरीवर सांगत सुटला की मी वाघाच्या डोळ्याला डोळा भिडवला, म्हणून तो गेला. आधी भिमी हसली. पण पुढं पुढं त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. मुरबाडकडची माणसं त्याचे डोळे बघायला येऊ लागली, तेव्हा मात्र तिला हसू येईना. "खरं काय ते सांग की लोकांना," ती म्हणाली. "सिनेमात येईलच की गो," तो म्हणाला. तिनं तेवढ्यावर विश्वास ठेवला.

आता पडद्यावर ओहोळ आला. बुधू उतरला. वाघ उठला. हॉलमध्ये कोणी खोकेना. आणि जिथं भिमीचा आवाज यायचा, तिथं बासरी वाजली. वाघ वळला, गेला. "नजरेला नजर भिडली," भारदस्त आवाज म्हणाला, "आणि वाघ हरला." टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत नवी टोपी घालून बसलेल्या बुधूनं मागं वळून सगळ्यांना हात जोडले.

भिमीला राग आला, चांगला मस्तकात जाणारा. ती उठून उभी राहिली. भाषण तिला येत नव्हतं. जे येत होतं ते तिनं केलं. तिनं हाळी दिली.

बंद हॉलमध्ये हाळी छताच्या पत्र्यावर जाऊन आदळली. मग पाठीमागून, दाराजवळून, सकुबाईची ओ आली. पाठोपाठ तिच्या शेजारणीची, बाईजाची. मग या पाड्याची, त्या पाड्याची, बाजाराला म्हणून आलेल्या आणि सिनेमाला बसलेल्या एकूण एक बाईची. पत्रा हादरला. साईनाथनं घाबरून सिनेमा थांबवला.

"काय झालं, मावशी?"

"माझा आवाज कुठं गेला?" भिमी म्हणाली. "इथं बासरी लावलीस. वाघ काय बासरी ऐकून गेला रे?"

लोक हसले. साईनाथचे कान लाल झाले. "आवाज आहे, मावशी. लॅपटॉपमध्ये सगळा आहे. पण माणूस एकटा म्हटल्यावर... तो बसत नव्हता."

"मंग आता बसव."

"लाव, लाव," मागून बायका ओरडल्या.

"ऱ्हाऊ दे की, साईनाथ," बुधू घाईघाईनं म्हणाला. "लोकांना घरी जायचाय." पण त्याचं कोणी ऐकलं नाही.

साईनाथनं मूळ आवाज लावला. पुन्हा ओहोळ, पुन्हा वाघ. पाण्याची खळखळ, आणि तिच्यावर एक बारीक, फाटका, पुरुषाचा आवाज: "भिमे, ये गो भिमे, मेलो गो मी." मग हाळी. मग हंड्याचा दणदणाट. वाघ वळला आणि गेला.

हॉल हसून हसून आडवा झाला. त्याच्या या हाकेची गोष्ट भिमीनं मात्र कधी कोणाला सांगितली नव्हती. आपला आवाज मागताना त्याचाही बाहेर पडेल, हे रागाच्या भरात तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बुधू उठला. टोपी काढून त्यानं हातात घेतली. "मारली हाक," तो म्हणाला. "हिला नाय तर कोणाला मारू? साईनाथ झाडावर व्हता." हसू ओसरेपर्यंत तो थांबला. "ती आली म्हणून मी हितं उभा हाय. खोटं बोललो मी तुमच्याशी. हिच्याशीबी."

भिमीचा सगळा राग कुठल्या कुठं गेला. इतका आनंद तिला तिच्या लग्नातही झाला नव्हता, आणि तो लपवायचं तिला काही कारण दिसेना.

साईनाथ खजील होऊन म्हणाला, "पुढचाही मूळ आवाजात लावू?"

"लाव," भिमी म्हणाली, आणि बायकांनी वाट करून दिली तशी पहिल्या रांगेत बुधूशेजारी येऊन बसली.

आता बासरी नव्हती, भारदस्त माणूसही नव्हता. पडद्यावर संध्याकाळच्या उन्हात बुधू शेळ्यांमध्ये उभा राहून रानाकडे गंभीरपणे बघत होता, आणि पडद्याबाहेरून बाईचा आवाज आला, "अरे, बघत काय ऱ्हायलास? करडू बाहेर हाय, ते आत घे."

"घेतो गो," पहिल्या रांगेतून बुधू म्हणाला, आणि सवयीनं अर्धा उठलासुद्धा.