डावं कोपर

वाकलेली सुई.

काचेऐवजी पुठ्ठा लावलेली खिडकी.

नियम चौथा : कपडा ओळखीचा निघाल्यास उभे राहावे.

घरी आई, अंथरुणाला खिळलेली. पाणीसुद्धा दुसऱ्याच्या हातानं.

दादाला नेलं, त्याला एकेचाळीस दिवस.

बेचाळिसाव्या दिवशी त्याचा कोट रफूवालीच्या टेबलावर आला. नेलेल्या माणसांचे कपडे या शेडमध्ये यायचे आणि दुरुस्त होऊन दुसऱ्यांच्या अंगावर जायचे. जो उभा राहील तो नातलग ठरायचा, आणि नेलेल्याच्याच वाटेनं जायचा. म्हणून कुणी उभं राहत नसे.

कोटाचं उजवं कोपर फाटलं होतं. डाव्यावर जुना रफू होता, तिच्याच हातचा. बोट फिरवलं तरी लागू नये असा.

शेजारी काजं करणारी मावशी बसायची. तिनं आधी हिचा चेहरा पाहिला, मग कोट, आणि दातांत दोरा धरून पुटपुटली, "जाड टाके टाक."

"हं."

"हं काय? गाढवानं शिवल्यासारखं कर. मुकादम आधी शिंपी होता, त्याला हात ओळखता येतो. एरवीही सांगतेच ना, इथे काय नवरदेव सजवायचाय? आज तरी ऐक, बये."

रफूवालीनं चार जाड टाके घातले. कापडाला चुण्या पडल्या. मधून वारा शिरणार होता, कुणाच्या का असेना, कोपराला. तिनं आईला आठवलं आणि पाचवा टाका घातला. मग पाचही उसवले.

"मेलीस," मावशी म्हणाली.

"वाईट होतंय गं मावशी. बघवत नाही."

कोटाच्याच शिवणीतून धागे काढून ती उभे-आडवे विणत राहिली. त्या तासाभरात मावशीची तीन काजं वाकडी गेली.

मुकादम आला. त्यानं दोन्ही बाह्या दिव्यापाशी धरल्या, कोपराला कोपर लावलं. डाव्या रफूवरून बोट फिरवलं, मग उजव्यावरून.

"काम सुरेख आहे," तो हळूच म्हणाला. मग नेहमीच्या आवाजात, "उठा, बाई."

उठता उठता तिनं आपली सुई मावशीपुढे सरकवली.

"आईला आडवं ठेवून पाणी पाजू नकोस, ठसका लागतो. मानेखाली हात घाल."

मावशीनं सुई उचलली नाही, पण मान डोलावली.

रफू करायला तिला दादानंच शिकवलं होतं, ती नऊ वर्षांची असताना, उशीच्या फाटक्या अभ्र्यावर.