पाठीकडून उघडणारा शर्ट

“अहो मास्तर, डोकं ठिकाणावर आहे ना? चांगला शर्ट कापताय!”

माझा नवरा शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांनी स्वतःच्याच शर्टाची पाठ मधोमध फाडली होती आणि कडा दुमडून शिवत होते. गेल्या महिन्यात याच हातांना चमचा धरवत नव्हता. आधी कंपवात, त्यात उदासीनं असं ग्रासलं की बोलणं नाही, जेवण नाही. खुर्चीत नुसता ओंडका. गोळ्यांचा उपयोग होईना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन विजेचे झटके सुरू केले. माझा जीव टांगणीला लागला होता. मग एका सकाळी मास्तर म्हणाले, “चहात साखर घालायला विसरलीस.” मी चहा बाजूला ठेवून ढसाढसा रडले.

डॉक्टरीणबाईंनी मात्र मला एकटीला गाठून सांगितलं होतं, “मन उघडलंय, अंगही मोकळं झालंय. पण कंपवात जात नाही हो. पुन्हा आखडतील. पुन्हा झटके देऊ, दर वेळी इतकं साधेलच असं नाही.” मास्तरांपुढे मी मिठाची गुळणी धरली होती.

“इकडे ये. हात पुढे कर. कोपर वाकवायचं नाही.”

“कशाला?”

“मी आखडून बसायचो तशी ताठ उभी राहा.”

त्यांनी शर्ट समोरून माझ्या हातांवरून चढवला आणि मागे नाड्या बांधल्या.

“दुखलं?”

“छे!”

“तू शर्ट घालताना हात मागे ओढायचीस. जीव जायचा. सांगता येत नव्हतं.”

रोज सकाळी मीच तर त्यांना कपडे घालत होते.

“आता कशाला हे सगळं? बरे झालात ना?”

“झालोय ना. म्हणून तर घाई करतोय,” ते म्हणाले. “आज सकाळी बटण लागता लागेना.”

त्यांनी आणखी तीन शर्ट काढून ठेवले होते. लग्नकार्यात घालायचासुद्धा.

“हलू नकोस, काखेत दाटतोय.” ते टाचणी लावायला वाकले. बोटं थोडी थरथरत होती.

माझे डोळे वाहायला लागले. पुसावेसे वाटत होते, पण मी हात ताठच ठेवले.