हिचा कीबोर्ड

लेकीचा फोन आला तेव्हा मी हिच्या कीबोर्डची सगळी बटणं काढून बसलो होतो. मायलेकी दवाखान्यात साध्या तपासणीला गेल्या होत्या. निघताना ही म्हणाली होती, "येईपर्यंत साफ करून ठेवा. नुसता उघडून ठेवू नका, सवय आहे तुमची." फोनवर लेक म्हणाली, "बाबा, आई गेली." मी ब्रश खाली ठेवला आणि चपला शोधायला लागलो.

माणसं येणार म्हणून शेजारच्या वहिनींनी टेबल आवरलं. कीबोर्ड आडवा ठेवून, घरच्या लॅपटॉपशी ताडून त्यांनी सगळी बटणं दाबून बसवली. अगदी जागच्या जागी. पण एकही वाजेना.

जुना कीबोर्ड आहे. प्रत्येक बटणाखाली एक बारीक स्प्रिंग उभी असते. बटण दाबलं की ती थोडा वेळ दम धरते, मग एकदम कंबरेत वाकते. तिच्या बुडाची पत्ती खाली आपटते, टक् आवाज होतो आणि अक्षर उमटतं. नजर अधू झाल्यापासून ही त्या आवाजावरच टाइप करायची.

बटण बसवताना कीबोर्ड उभा धरावा लागतो, स्पेसबारची बाजू वर करून. तरच स्प्रिंग सरळ बसते. आडव्यात बसवलं तर तिरकी अडकते. मी जन्मभर ही यंत्रं दुरुस्त केली म्हणून मला ठाऊक. वहिनींना कुठून असणार?

लेक म्हणाली, आता घर बंद करा, माझ्याकडे चला. मी म्हटलं, हा चालू झाला की येतो. मला वाटलं, एका बैठकीचं काम आहे.

ते होत नाही. बटण काढायचं, कीबोर्ड मांडीवर उभा धरायचा, बसवायचं, दाबून बघायचं. टक् झालं की माझे हात थांबतात. मग त्या दिवशी पुढचं बटण होत नाही.

दोन महिन्यांनी एका रविवारी लेक खोकी घेऊन आली. तिनं वरच्या ओळीवरून बोटं फिरवली.

"वाजतंय की."

"वरचं वाजतंय."

"बँकेतली खोलीभर यंत्रं तुम्ही जेवायच्या सुट्टीआधी उरकायचात. आई सांगायची."

"तेव्हा तरुण होतो."

"गेल्या वर्षी होतात का? माझा प्रिंटर उभ्या उभ्या दुरुस्त केलात."

मी ब्रश उचलला आणि वरची ओळ पुन्हा झाडायला लागलो.

"तिकडे चला आणि करा. माझ्याकडे टेबल नाही का?"

"वाटेत स्प्रिंगा हलतील."

"स्प्रिंगा हलतील हो. तुम्ही हलाल का, ते सांगा."

तिनं खालच्या ओळीतलं एक बटण दाबलं. ते मुकाट आत गेलं. तिनं पुन्हा दाबलं. मग माझ्या शेजारी बसून राहिली. जाताना खोकी दारापाशी ठेवून गेली.

खालची ओळ अजून व्हायची आहे. खोकी रिकामीच आहेत. कधी येतो ते मी लेकीला सांगितलेलं नाही.