ढकललेल्या सायकली

सकाळी सहा ते सात या तासात रेल्वेपुलावर दोनशे एकोणतीस सायकली आल्या. त्यांतल्या अकरा जणांनी चढ पायडल मारत पार केला. उरलेले दोनशे अठरा जण पायथ्याशी उतरले आणि हँडल धरून सायकल ढकलत वर गेले. पुढे बारा तास यंत्रमागापुढे उभं राहायचं असतं. गुडघे कोण पुलावर खर्ची घालणार?

पुलावर मोजणीच्या कामाला बसलेल्या भाग्यलक्ष्मी गुंडेटीने आकडे दोनदा ताडून पाहिले. पुलाखालचं फाटक कायमचं बंद झाल्यापासून तिचे वडीलही याच वाटेने टॉवेल कारखान्यात जायचे. आता सायकलींसाठी रुळांखालून सपाट भुयारी वाट काढायची की नाही, हे या मोजणीवर ठरणार होतं. तासाला शंभर सायकली भरल्या तर वाट, नाहीतर नाही.

"दीक्षित सर, ढकलणारे सायकलमध्येच धरायचे ना?" तिने मोजणीच्या पर्यवेक्षकांना विचारलं.

"चालवतात का ते?"

"नाही, पण हातात सायकल आहे की."

"उद्या कोणी म्हैस घेऊन आला तर म्हैस मोजणार? पायी चालतो तो पादचारी. सूचना छापलेल्या आहेत, मॅडम. तुम्ही बीएस्सी ना?"

मोजणीच्या तक्त्यात शेऱ्यासाठी एक रकाना होता. पुढच्या सहा महिन्यांच्या कामासाठी माणसं दीक्षितच निवडणार होते. तिने 'सायकल ११, पादचारी २१८' असं लिहिलं आणि शेरा कोरा सोडला.

दुसऱ्या दिवशी वडील चढ चढून तिच्या खुर्चीपाशी दम खायला थांबले. मागून त्यांचा कारखान्यातला जोडीदार मल्लेशम आला.

"काय राजेशम, लेकीने हजेरी लावली का तुझी?"

"लावणारच. अख्ख्या पूर्वभागात एवढी शिकलेली एकच पोर आहे. मला नीट धरलंस ना गं?"

"धरलंय, नाना."

"आणि मला?" मल्लेशम म्हणाला. "माझी सायकल जुनी आहे, अर्धी धरू नकोस."

दोघं हसत पुढे गेले. तिने पादचाऱ्यांच्या रकान्यात दोन रेघा ओढल्या.

चार महिन्यांनी अहवाल आला: सायकलींची ये-जा नगण्य, पादचाऱ्यांची गर्दी मोठी. भुयारी वाट रद्द झाली. पुलावर पादचाऱ्यांसाठी कठडा घालून उंच पदपथ केला आणि गाड्या घुसू नयेत म्हणून पदपथाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवले. खांबांमधून हँडल जाईना. रस्त्यावरून ढकलावं तर 'पायी चालणाऱ्यांनी पदपथावरून जा' म्हणत पोलीस शिट्टी मारून परत पाठवू लागला.

पोलिसाने अडवलं त्या दिवशी वडील पहिल्यांदाच कामावर न जाता घरी आले.

"मोजलं होतंस ना मला?"

"हो."

"काय म्हणून?"



"चालता माणूस म्हणून," दारातून मल्लेशम म्हणाला. "सगळ्यांनाच तसं लिहिलंय, पोलीसच सांगत होता. लेक तुझी, राजेशम, पण हिशोब त्यांचा."

वडिलांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सायकलला कुलूप घातलं.

सोमवारी ते सायकलवरून गावाबाहेरच्या दुसऱ्या रेल्वे फाटकाने निघाले. ती मोबाइलवर अंतर मोजायला लावून दुसऱ्या सायकलने मागे मागे गेली. ते तीन वेळा थांबले. घरापासून कारखान्याच्या दारापर्यंत सहा किलोमीटर चारशे मीटर भरले. पुलावरून दोन किलोमीटर शंभर मीटर होते. वेळ एकावन्न मिनिटं लागला.